मोटारीचा व्हॉल्व्ह : बसविण्यापूर्वी आणि बसविताना



स्मरणिकेसाठी लेख पाठविण्याचा निरोप आला तेव्हा नेहमीप्रमाणे एखाद्या वाङ्मयीन विषयावर चार पाने लिहावीत असा आमचा विचार होता. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेत लेखनिकाची. पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्याशी आमचा संबंध सकाळी नळाला पाणी आले की नाही एवढ्यापुरताच. असे असता मध्यवर्ती वातानुकूलनाच्या पाइपांवर बसविण्यात येणाऱ्या मोटारीच्या व्हॉल्व्हविषयी लिहिण्याचे धाडस आम्ही का करीत आहोत, याचा खुलासा प्रथम करणे योग्य ठरेल.

आमच्या कार्यालयातील वातानुकूलन यंत्रणा काही वर्षांपूर्वी बदलण्यात आली. ज्या ठेकेदाराकडे हे काम होते त्याच्याकडे आमच्याच वस्तीतील एक तरुण हेल्पर म्हणून कामाला होता. आय.टी.आय.मधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला, हाताने कुशल, तोंडाने अबोल. काम संपले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि पुढच्याच आठवड्यात, ऐन मे महिन्यात, आमच्या दालनातील निम्मा कर्मचारीवर्ग स्वेटर घालून बसू लागला. भिंतीवरील यंत्रावर २४ अंश लावलेले आणि प्रत्यक्षात तापमान १९. तक्रारी झाल्या. ठेकेदाराच्या सुपरवायझरने शिडीवर चढून वर पाहिले आणि ‘हेल्परने व्हॉल्व्ह उलटा बसवलाय’ असा निकाल दिला. त्या मुलाची पंधरा दिवसांची मजुरी अडकली. रात्री तो आमच्या घरी आला आणि एवढेच म्हणाला, ‘‘काका, बाण मी स्वतः बघून बसवला होता.’’

बाण म्हणजे काय हेही त्या वेळी आम्हास ठाऊक नव्हते. पुढे रविवार-रविवार बसून आम्ही ते समजून घेतले. काही त्या मुलाकडून, काही उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांतून, काही आमच्या इमारतीच्या यंत्रखोलीत उभे राहून. आपल्या वस्त्यांमधून आज अनेक मुले या कामावर जातात. काम कसे करायचे हे त्यांना ओरडून सांगणारे पुष्कळ भेटतात. तसेच का करायचे हे सांगणारा मात्र विरळाच. म्हणून हा लेख.

प्रथम यंत्रणेची रचना पाहू. मोठ्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर वेगळे शीतयंत्र ठेवण्याऐवजी तळघरात किंवा गच्चीवर एक मोठे यंत्र ठेवतात. त्याला चिलर म्हणतात. चिलर पाणी थंड करतो, साधारण ७ अंश सेल्सिअसपर्यंत. हे पाणी पंपाने मजल्यामजल्यावर पाठविले जाते. प्रत्येक मजल्यावर एक मोठी पेटी असते, तिला कामगार ए.एच.यू. म्हणतात. तिच्यात तांब्याच्या नळ्यांची एक जाळी, म्हणजे कॉइल, आणि एक पंखा असतो. नळ्यांतून थंड पाणी, बाहेरून दालनातील हवा. हवा आपली उष्णता पाण्याला देते आणि गार होऊन दालनात परतते. पाणी १२-१३ अंशांचे होऊन चिलरकडे परत जाते. मुंबईच्या कार्यालयांत हिवाळ्यात खोली तापविण्याची वेळ येत नाही. परंतु थंड देशांत हीच रचना गरम पाणी फिरवून केली जाते आणि आपल्याकडेही रुग्णालये, मोठी हॉटेले, औषधांचे कारखाने येथे गरम पाण्याच्या वाहिन्या असतातच.

आता प्रश्न असा की कोणत्या मजल्याला किती पाणी द्यायचे हे ठरवायचे कोणी? सकाळी नऊला दालन रिकामे, अकराला काउंटरसमोर रांगा, दोनला पश्चिमेचे ऊन. प्रत्येक वेळी गरज निराळी. पूर्वी हे माणूस करीत असे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे वॉरेन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. त्यांच्या अध्यापक विद्यालयात वर्ग चालू असताना शिपाई आत येई, खोली किती गरम आहे ते पाही आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमी-जास्त करी. या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सन यांनी खोलीतील तापमान तळघरातील माणसाला विजेच्या घंटीने कळविणारे साधन बनविले. १८८३ साली त्याचे पेटंट मिळाले आणि १८८५ साली मिलवॉकी येथे त्यांची कंपनी सुरू झाली. आज तीच जॉन्सन कंट्रोल्स या नावाने ओळखली जाते. घंटी ऐकून झडप फिरविणाऱ्या माणसाची जागा पुढे दाबाच्या हवेने आणि मोटारीने घेतली. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म त्या शिपायाच्या फेऱ्यांत आहे. मोटारीचा व्हॉल्व्ह म्हणजे तोच शिपाई. तो थकत नाही, मात्र तो स्वतः विचारही करीत नाही. बसविणाऱ्याने जसे बसविले तसे तो वागतो.

व्हॉल्व्हचे दोन भाग असतात. खालचा धातूचा देह पाइपात बसतो. त्याच्या आत एक गोल बैठक आणि तिच्यावर बसणारे बूच. बुचाला जोडलेला दांडा वरून बाहेर येतो. वरचा भाग म्हणजे मोटार. भिंतीवरील किंवा परतीच्या हवेतील तापमापक नियंत्रकाला तापमान कळवितो, नियंत्रक मोटारीला विजेचा इशारा देतो आणि मोटार दांडा वर-खाली करते. काही व्हॉल्व्हमध्ये बुचाऐवजी भोक असलेला गोळा फिरतो. तत्त्व तेच.

येथे आमच्या धंद्याची सवय म्हणून थोडा जमाखर्च मांडतो. शीतकरणाचा एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढणे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. पाणी साडेपाच अंशांनी तापून परत येते असे धरले, तर एका टनाला मिनिटाला साधारण ९ लिटर पाणी लागते. म्हणजे २० टनांच्या ए.एच.यू.ला मिनिटाला १८० लिटर, तासाला जवळजवळ ११ घनमीटर. एवढे पाणी अडीच इंची पाइपातून सुखाने जाते.

आणि येथेच नव्या मुलाचा पहिला गोंधळ होतो. पाइप अडीच इंची आणि पेटीतून निघालेला व्हॉल्व्ह दीड इंची! स्टोअरवाल्याने चुकीचा माल दिला असे समजून काही मुले व्हॉल्व्ह परत पाठवितात. काही ठेकेदार तर स्वतःच्या अकलेने पाइपाएवढा मोठा व्हॉल्व्ह मागवितात. वास्तविक लहान व्हॉल्व्ह हाच बरोबर असतो. व्हॉल्व्हवर के.व्ही. नावाचा एक आकडा असतो. पूर्ण उघडा असताना एक बार दाबाचा फरक पडला तर तासाला किती घनमीटर पाणी जाईल, ते तो आकडा सांगतो. आमच्या उदाहरणातील ११ घनमीटर पाण्यासाठी ०.३ बार फरक धरला तर के.व्ही. सुमारे २० हवा. दीड इंची व्हॉल्व्हचा के.व्ही. बहुधा २५ असतो, तो चालतो. अडीच इंचीचा ६३ असतो. तो पूर्ण उघडला तर दाबाचा फरक जेमतेम ०.०३ बार पडेल.

मग मोठा व्हॉल्व्ह लावल्याने बिघडते काय? एखाद्या शाखाधिकाऱ्याचा विचार करा. सगळे निर्णय मुख्य कार्यालयातच होत असतील, तर त्याने कागदावर सही केली काय आणि न केली काय, फरक पडत नाही. मोठ्या व्हॉल्व्हचे असेच होते. पाण्याला अडविण्याचे काम पाइप, कोपरे आणि कॉइल यांनीच केलेले असते. व्हॉल्व्ह अर्ध्यावर आणला तरी पाणी जवळपास तेवढेच जाते, आणि अगदी शेवटी, मिटता मिटता, एकदम तुटते. मोटार मग दिवसभर त्या शेवटच्या थोड्या अंतरात पुढे-मागे करीत राहते. दालन कधी गार, कधी गरम, आणि मोटारीचे दाते झिजतात. तंत्रज्ञ याला व्हॉल्व्हचा ‘अधिकार’ कमी पडणे असेच म्हणतात, हे कळल्यावर आम्हास मोठी गंमत वाटली. त्या फांदीतील एकूण दाबाच्या फरकापैकी निम्म्याच्या आसपास, निदान एक चतुर्थांशाहून अधिक वाटा व्हॉल्व्हचा असावा अशी सर्वसाधारण रीत आहे. तेव्हा लहान व्हॉल्व्ह हाती आला तर तो परत न पाठविता कागदावरील खूणक्रमांक आणि व्हॉल्व्हच्या पट्टीवरील क्रमांक ताडून पाहावा. दोन्ही बाजूंना रिड्यूसर लावून तोच बसवावा.

आता बाणाविषयी. व्हॉल्व्हच्या देहावर ओतीव अक्षरांत एक बाण असतो, तो पाण्याची दिशा दाखवितो. बुचाच्या व्हॉल्व्हमध्ये पाणी बुचाच्या खालून येऊन त्याला वर ढकलत जावे अशी योजना असते. मोटारीला बूच दाबून बंद करावे लागते, पण हालचाल संथ राहते. व्हॉल्व्ह उलटा बसला तर पाणी बुचाच्या वरून येते आणि मिटण्याच्या शेवटच्या क्षणी त्याला बैठकीवर ओढून आपटते. पाइपात ठोके बसतात, व्हॉल्व्ह खडखडतो. हे समजले त्या रविवारी आम्ही त्या मुलाला विचारले, की आमच्या दालनात वरून कधी खडखड ऐकू येते का? तो गप्प राहिला. उत्तर आम्हीच देऊ शकत होतो. आमचे टेबल बरोबर त्या ए.एच.यू.च्या खोलीला लागून आहे. दोन महिन्यांत एकदाही आवाज आलेला नव्हता. व्हॉल्व्ह उलटा नव्हता, हे आम्हास तेव्हाच कळून चुकले. पण लेखनिकाच्या कानांवर बिल पास होत नाही.

व्हॉल्व्ह कोठे बसवायचा? बहुधा कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे परतीच्या पाइपावर. कॉइल त्यामुळे पंपाच्या दाबाखाली भरलेली राहते, आणि परतीचे पाणी पाच-सहा अंशांनी कमी थंड असल्याने व्हॉल्व्हला घाम थोडा कमी सुटतो. गरम पाण्याच्या वाहिनीत परतीचे पाणी कमी गरम, म्हणून मोटारीला ताप कमी. व्हॉल्व्हच्या आजूबाजूला पाणी तोडण्यासाठी हाताचे व्हॉल्व्ह हवेत, म्हणजे पुढे दुरुस्तीसाठी सारा मजला रिकामा करावा लागत नाही. कॉइलकडे जाणाऱ्या पाइपावर गाळणी, म्हणजे स्ट्रेनर हवा, आणि तिचे झाकण उघडून जाळी बाहेर ओढण्यास जागा हवी. ही जागा नकाशात नेहमी असते आणि प्रत्यक्षात नेहमी कोणाचा तरी केबल-ट्रे तेथून गेलेला असतो.

तीन तोंडांचा व्हॉल्व्ह असेल तर आणखी सावधगिरी हवी. त्यावर ए, बी आणि एबी अशी अक्षरे असतात. मिश्रणाच्या व्हॉल्व्हमध्ये ए आणि बी मधून पाणी आत येते आणि एबीमधून बाहेर जाते. तो विभागणीच्या जागी, एका तोंडातून आत व दोन तोंडांतून बाहेर असा लावला, तर बूच आपटू लागते. आजकाल दोन तोंडांचे व्हॉल्व्हच अधिक वापरतात, कारण ते मिटले की पाणी खरोखर कमी होते आणि पंपाचा वेग कमी करता येतो. पंपाचा वेग निम्मा झाला तर लागणारी वीज तत्त्वतः एक अष्टमांश होते. प्रत्यक्षात एवढी बचत होत नाही, तरी होते ती थोडी नसते. मात्र सारेच व्हॉल्व्ह मिटले तर पंपाच्या पाण्याने जायचे कोठे, याची सोय बायपासने केलेली असावी लागते. ते काम नकाशा करणाऱ्याचे, आपण फक्त ती फांदी कोणी विसरलेले नाही ना एवढे पाहावे.

आता ज्या गोष्टीवर आम्ही सर्वांत जास्त शाई खर्च करणार आहोत, ती म्हणजे पाइप धुणे. कामगार त्याला फ्लशिंग म्हणतात. नवा पाइप आतून कसा असतो ते ज्याने पाहिले नाही त्याला ही गोष्ट पटत नाही. कापताना पडलेला लोखंडाचा कीस, वेल्डिंगच्या वितळलेल्या गोळ्या, गंज, वाळू, सिमेंट, चुलीतल्या राखेसारखी काळी पूड, सुताचे धागे, टेपचे तुकडे. एकदा तर विडीचे थोटूक निघाल्याचे त्या मुलाने सांगितले. पंप सुरू झाला की हे सारे वाहत निघते आणि जेथे वाट अरुंद तेथे अडकते. सर्वांत अरुंद वाट कोणती? व्हॉल्व्हच्या बैठकीची. बुचाखाली मोहरीएवढा कण राहिला तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. नियंत्रक म्हणतो बंद, मोटार म्हणते बंद केले, आणि पाणी जातच राहते.

म्हणून शहाणा फिटर व्हॉल्व्हच्या जागी आधी तेवढ्याच लांबीचा साधा पाइपाचा तुकडा, म्हणजे स्पूल, बसवितो. सारे वेल्डिंग त्या तुकड्यासह पुरे करतो. कॉइलला बाजूला ठेवून, पुरवठ्याचा आणि परतीचा पाइप एकमेकांस जोडून, जोरात पाणी सोडतो. गाळणी काढून धुतो, पुन्हा सोडतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत. त्यानंतर तुकडा काढून व्हॉल्व्ह बसवितो. यात एक-दोन दिवस जातात, आणि उद्घाटनाच्या तारखेला नेमके तेच दिवस कमी पडत असतात.

व्हॉल्व्ह जागेवर असताना त्याच्या शेजारी वेल्डिंग करण्याचा मोह हा दुसरा शत्रू. उष्णतेने आतील मऊ बैठक आणि दांड्याभोवतीचे पॅकिंग खराब होते आणि वितळलेली गोळी सरळ बैठकीवर जाऊन बसते. ही गोळी गाळणीच्या पलीकडे जन्मलेली असते, तेव्हा गाळणी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

आट्याचे व्हॉल्व्ह असतील तर सूत, सफेदा किंवा टेप आट्यांच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या सोडून लावावी, म्हणजे तिचे टोक पाण्यात जात नाही. पाना व्हॉल्व्हच्या त्याच टोकाच्या षटकोनावर धरावा ज्या टोकाला पाइप आवळायचा आहे. दुसऱ्या टोकाला धरल्यास सारा पीळ व्हॉल्व्हच्या देहातून जातो. आणि मोटार धरून व्हॉल्व्ह फिरवू नये. हे लिहिताना आम्हास संकोच वाटतो, परंतु आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. मोटार पकडायला हाताला इतकी सोयीची असते की माणूस तिचाच दांडपट्टा करतो. मोटार शक्य तर सर्वांत शेवटी चढवावी. पाण्याच्या दाबाची चाचणी सामान्यतः कामाच्या दाबाच्या दीडपट करतात. तीही व्हॉल्व्ह उघडा ठेवून आणि मोटार न चढविता झालेली बरी. पाइपांचे वजन छताच्या हँगरवर यावे, व्हॉल्व्हने ते उचलू नये.

मोटार व्हॉल्व्हच्या वर उभी किंवा फार तर आडवी असावी. खाली लोंबती कधीही नको. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील बाष्प इतके असते की २५ अंशांच्या आसपास थंड असलेल्या वस्तूवरही दव धरते. मग १२ अंशांच्या पाइपाची काय कथा? दवाचे पाणी दांड्यावरून ओघळत खालच्या मोटारीत शिरते आणि आतील पट्टी जळते. तारेलाही मोटारीत शिरण्यापूर्वी खाली एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून आलेला थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो. व्हॉल्व्हच्या देहाला इन्सुलेशन पूर्ण करावे, पण मोटार आणि तिच्या खालची मान मोकळी ठेवावी. वाफेच्या किंवा फार गरम पाण्याच्या वाहिनीवर उलट काळजी घ्यावी लागते. तेथे वर जाणारी उष्णता मोटारीला भाजते, म्हणून बऱ्याच वेळा मोटार आडवी ठेवण्यास सांगतात. वर हातभर मोकळी जागा आणि फॉल्स सीलिंगला उघडणारे दार हे दोन्हीकडे हवेच.

तारांचे काम इलेक्ट्रिशियनचे असले तरी फिटरने त्यातील दोन-तीन गोष्टी जाणून असाव्यात. या मोटारी बहुधा २४ व्होल्टवर चालतात. चुकून २३० व्होल्ट जोडले तर मोटार एका क्षणात जाते आणि दोष ‘फिटरने आपटली असेल’ असा फिटरवर येतो. एका ट्रान्सफॉर्मरवर अनेक मोटारी असतील तर सामाईक तार सर्वांची तीच राहिली पाहिजे आणि सर्वांच्या विजेची बेरीज ट्रान्सफॉर्मरच्या शक्तीत बसली पाहिजे. इशाऱ्याची तार मोठ्या विजेच्या तारेबरोबर एका नळीतून नेऊ नये. इशारा बहुधा ० ते १० किंवा २ ते १० व्होल्टचा असतो. तो वाढला तर व्हॉल्व्ह उघडायचा की मिटायचा हे मोटारीवरील लहानशा खटक्याने ठरते. तो खटका उलटा राहिला तर दालन जितके गार, तितके जास्त थंड पाणी!

म्हणून शेवटी चाल तपासणे आले. नियंत्रकावरून शून्य, पन्नास आणि शंभर टक्के असा इशारा द्यावा आणि दुसऱ्या माणसाने शिडीवर उभे राहून दांड्यावरील खूण प्रत्यक्ष पाहावी. खाली संगणकाच्या पडद्यावर दिसते ते फक्त ‘सांगितले काय’. ‘झाले काय’ हे वरच दिसते. वीज गेल्यावर स्प्रिंगने आपोआप उघडणारा किंवा मिटणारा व्हॉल्व्ह असेल तर वीज तोडूनही पाहावे. बर्फ पडणाऱ्या देशांत गरम पाण्याचा व्हॉल्व्ह वीज गेल्यावर उघडा राहावा अशी योजना करतात, अन्यथा कॉइलमधील पाणी गोठून नळ्या फुटतात. वाफेचा मात्र मिटावा लागतो. एका टोकाला माणसे भाजण्याची भीती, दुसऱ्या टोकाला नळ्या फुटण्याची; आणि दोन्ही व्हॉल्व्ह पेटीतून काढल्यावर दिसायला सारखेच.

अलीकडे दाबाचा चढउतार स्वतःच सांभाळून घेणारे व्हॉल्व्ह आले आहेत. त्यांत पाण्याची कमाल मात्रा एका चकतीवर लावता येते आणि वर सांगितलेली अधिकाराची कटकट पुष्कळ कमी होते. पण त्यांच्या आतील वाटा आणखी अरुंद असल्याने पाइप धुण्याची गरज वाढली आहे. दुबई-अबूधाबीकडे आणि आपल्या देशात गुजरातमधील गिफ्ट सिटीत एका मध्यवर्ती केंद्रातून अनेक इमारतींना थंड पाणी पुरविले जाते. तेथे न मिटणारा एक व्हॉल्व्ह म्हणजे न वापरता परत गेलेले थंड पाणी. परतीचे पाणी पुरेसे तापलेले नसेल तर साऱ्या केंद्राचे गणित बिघडते. आखाती देशांत फिटर म्हणून जाणाऱ्या आपल्या मुलांना मुलाखतीत हे प्रश्न विचारतात असे परतलेल्या एकाने आम्हास सांगितले.

आता आमच्या दालनाकडे येऊ. आम्ही आमच्या कार्यालयाच्या परिसर विभागातील अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज केला, की व्हॉल्व्ह उलटा असल्याचे म्हटले जाते तर तो काढून पाहावा. अर्ज तीन टेबलांवरून फिरला. शेवटी एका रविवारी सुपरवायझर, तो मुलगा, एक अधिकारी आणि विनाकारण आम्ही असे चौघे जमलो. हाताचे व्हॉल्व्ह बंद केले, पाणी बादलीत सोडले, पाणी काळे आले. बोल्ट काढून व्हॉल्व्ह खाली उतरविला. बाण बरोबर होता. बैठकीच्या कडेला चंद्रकोरीसारखा वेल्डिंगचा एक तुकडा रुतलेला होता, करंगळीच्या नखाएवढा. कॉइल आणि व्हॉल्व्ह यांच्यामधील पाइपाचा एक जोड शेवटच्या रात्री, व्हॉल्व्ह जागेवर असतानाच केलेला होता.

सुपरवायझर म्हणाले, ‘‘तेही यानेच केलं असेल.’’ तेव्हा त्या मुलाने खिशातून एक लहान वही काढली. दुकानात मिळते तसली, कोपरे दुमडलेली. तो रोज त्यात काय काम केले ते लिहीत असे. का, ते आम्ही कधी विचारले नाही. उद्घाटनाच्या दोन दिवस आधीच्या तारखेखाली लिहिले होते : ‘चौथा मजला. व्हॉल्व्ह चढवला, बाण परतीकडे. फ्लशिंग बाकी. साहेब म्हणाले नंतर.’ त्याखालच्या ओळीत वेल्डरचे नाव आणि वेळ, रात्री सव्वाअकरा.

अधिकाऱ्यांनी ते पान आमच्याकडून उतरवून घेतले. आमचे अक्षर बरे आहे. पाइप धुण्यास पुढचे दोन रविवार लागले. पहिल्या खेपेला पाणी चहासारखे आले, सहाव्या खेपेला स्वच्छ. दालनात २४ लावले की २४ राहू लागले आणि स्वेटर घरी गेले. मजुरी त्या महिन्याच्या अखेरीस मिळाली, पण पंधराऐवजी तेरा दिवसांची. उरलेल्या दोन दिवसांची नोंद मुलाच्या वहीत आहे, ठेकेदाराच्या वहीत नाही. त्यासाठीचा दुसरा अर्ज आम्ही लिहून दिला आहे.